सोंडेचं पाकीट

धोतर नेसणाऱ्या माणसाला पाकीट कशाला लागतं, हा प्रश्न आमच्या गावाला त्र्याहत्तर सालच्या शिमग्यात पडला. एरवी पडला नसता. पण त्या वर्षी गावाकडं बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पीक नाही, पाणी नाही, लग्नं पुढं ढकललेली. भांडायला बांध होता, पण बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखीच ढेकळं, मग भांडायचं कशावरून? अशात सहादूनं मोटेची सोंड कापून पाकीट करायला घेतलं आणि गावाला जरा तरतरी आली.

सहादू म्हणजे सहादेव. साठीचा, उंच, खांद्यातून वाकलेला, बोलायला कंजूष. नेवाशापासून सहा मैलांवर आमचं गाव. तिथं त्याची बारा एकर जमीन आणि एक विहीर. सगळी उमर त्या विहिरीवर मोट हाकण्यात गेली. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कातड्याची थोरली पिशवी असते ती. वरचं तोंड रुंद, आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती नळी, तीही उघडीच; वर येईपर्यंत तिचं टोक दुसऱ्या दोरीनं वर ओढून धरलेलं असतं. बैल उताराला चालले की पिशवी भरून वर येते आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, बदाबदा पडतं. बैल मागं सरले की पिशवी परत खाली. पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत हेच. माणूस पंचवीस वर्षं पुढं-मागं चालला आणि कुठंच पोचला नाही, असं त्याची बायको भागूबाई म्हणायची. मी नाही म्हणत.

ही मोट शिवायचा गहिनीनाथ. त्याचं घर वेशीबाहेर. दारात ऐरण, कातडं भिजवायची पाण्याची कुंडी आणि गावभरच्या तुटक्या चपलांचा ढीग. दोघं एका वयाचे. विहिरीवर तिसरं कोणी नसलं की गहिनीनाथ त्याला 'सहादू' म्हणायचा, वेशीच्या आत आला की 'पाटील'. सहादूच्या सात पिढ्यांत पाटीलकी नव्हती. पण वेशीबाहेरच्यानं विहिरीवाल्याला पाटील म्हणायचं, अशी रीत. ते 'सहादू' मी एकदा धावेच्या, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उताराच्या, आडून चोरून ऐकलं होतं. मी समोरून ऐकलेलं विसरतो, चोरून ऐकलेलं विसरत नाही.

आणि गावाचं शहाणपण बघा. गहिनीनाथानं शिवलेल्या मोटेतलं पाणी सारं गाव पिणार, पण त्याला स्वतःला तहान लागली की त्याच्या ओंजळीत वरून ओतणार. हे कोणाला खटकत नव्हतं. मलाही नाही.

चौसष्ट साली सहादूनं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. नारळ फोडला, बुंदी वाटली. गावातलं कुत्रंसुद्धा त्या दिवशी विहिरीवर होतं. फक्त गहिनीनाथाला आवतण नव्हतं. त्यात गंमत अशी, की सहादूनं दिवाळीत सांगितलेली नवी मोट तो नेमका त्याच दिवशी शिवत बसलेला. इंजिनाची फटफट त्याच्या दारापर्यंत ऐकू येत होती. त्यानं हात थांबवला नाही. चार दिवसांनी मोट पुरी झाली, ती त्याची बायको राहीबाई डोक्यावर घेऊन आली, सहादूच्या अंगणात धप्पकन टाकली आणि “घ्या तुमची मोट” एवढं म्हणून परत गेली.

त्या दिवसापासून गहिनीनाथ सहादूशी बोलला नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, नऊ वर्षं. सहादूनं मोट गोठ्यात आढ्याला टांगून ठेवली आणि तो नेवाशाच्या बाजारातून टायरच्या चपला आणायला लागला. त्या त्याला चावायच्या. लंगडायचा, पण वेशीबाहेरच्या त्या दारात जायचा नाही.

मी जात होतो. इंजिन बसलं त्याच संध्याकाळी चपलेचा अंगठा शिवायला गेलो होतो आणि बुंदी कशी दाणेदार झाली होती ते गहिनीनाथाला रंगवून सांगितलं होतं. त्यानं चपलेला चांगले दोन टाके जास्त घातले. मला वाटलं, खूश झाला.

तर त्र्याहत्तर साल. विहिरीत खडखडाट, इंजिनावर गोणपाट, बैल छावणीला. गावापासून कोसभर, सडकेच्या कडेला पाझर तलावाचं काम निघालेलं; तिथं आम्ही सगळे बागायतदार रांगेनं बसून खडी फोडत होतो. शेजारी-शेजारी बसायचं, हातोडी उचलायची, टाकायची. पहिला महिनाभर लोक एकमेकांना चिडवत होते. दुसऱ्या महिन्यात तेही थांबलं. बोलायला ओलावा लागतो तोंडाला.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मीच बातमी आणली. बातमी नेहमी मीच आणतो.

“ऐकलं का सहादू? गहिनीनाथ गाव सोडतोय. डोळं गेलं त्याचं. कानिफनाथ येनार हाय पाडव्यानंतरच्या शनवारी, दोगांना नगरला घिऊन जानार.” कानिफनाथ त्याचा मुलगा, नगरच्या एका कारखान्यात लागलेला.

सहादूची हातोडी वर होती ती वरच राहिली. मग हळू खाली आली, दगडाला न लागता.

“जायच्या आत त्यानं मला एक शबुद बोलला पायजे,” तो म्हणाला.

“जा आन बोल मग.”

“मी बोलून काय उपेग? त्यो बोलला पायजे.”

त्यानं पाटीभर खडी फोडली. मग दगडाकडं बघतच म्हणाला, “पाकीट.”

“काय?”

“त्याला म्हनायचं, मला पाकीट करायला शिकव. शिकवायचं म्हंजे बोलावं लागतंच की.”

“आरं, धोतराला खिसा कुटंय?”

“बंडीला हाय.”

एवढ्या थकव्यातही मला हसू आलं. नऊ वर्षं विचार करून माणसानं काढलेली ही युक्ती.

त्याच दिवशी चारला काम सुटल्यावर त्यानं आढ्यावरची मोट खाली घेतली. मोटेचं पोटाचं कातडं जाड, पाकिटाला चालत नाही, सोंडेचं मऊ. त्यानं सोंड कापली. कातडं नऊ वर्षांत पापडासारखं कडक झालेलं, भिजवल्याशिवाय वाकेना. त्यानं माठाकडं हात नेला, तेवढ्यात भागूबाई आली. टँकरच्या रांगेत तिचे तीन तास रोज जायचे.

“काय भिजवताय?”

“कातडं.”

“माज्या पान्यात? प्यायला न्हाई आन कातडं न्हाऊ घालताय व्हय? त्या मोटंनं पान्याखाली एक दिस काढला न्हाई, आन आता पान्याची हौस आली तिला?”

सहादूनं हात मागं घेतला. सोंड काखेत मारली आणि वेशीकडं निघाला. चपलेचा चांगला अंगठा दगडानं ठेचून मी तोडला आणि मागून निघालो. निमित्त लागतं माणसाला.

गहिनीनाथ दारात बसला होता. सहादू समोर उकिडवा बसला, सोंड पुढं ठेवली आणि जे बोलायचं ते राहीबाईकडं बघून बोलला. “पाकीट करायला शिकायचंय.”

गहिनीनाथानं वर पाहिलं नाही. पाहून दिसलंही नसतं नीट. त्यानं सोंड हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. टोकापर्यंत फिरवला, परत मागं आणला.

“राही,” तो म्हणाला, “त्यांला म्हनावं, ह्या कातड्यानं अजून पानी बगितलं न्हाई.”

“त्यांला कान हायेत,” राहीबाई म्हणाली.

“तरी म्हनावं.”

“ऐकलं का पाटील? पानी न्हाई बगितलं म्हनं.”

“म्हाईत हाय म्हनावं,” सहादू म्हणाला.

“म्हाईत हाय म्हनं,” राहीबाई नवऱ्याला म्हणाली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

गहिनीनाथानं सोंड उचलून कुंडीत टाकली. दुष्काळातही त्यानं ती कुंडी राखली होती. पाणी चहासारखं झालेलं, पण टाकलेलं नव्हतं. अशी शिकवणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सहादूनं त्याच कुंडीत कोपरापर्यंत हात घालून कातडं काढलं. मी ते रातोरात सगळ्या गावाला सांगितलं. कोणी म्हणालं, बाटला. कोणी म्हणालं, असू दे बाबा, निदान हात तरी ओले झाले त्याचे. पुढं ती चर्चा दमली. त्या वर्षी सगळ्याच चर्चा दमायच्या.

सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचा नमुना गहिनीनाथानं हातानं चाचपून कापला. बाहेरचं पान मोठं. आतलं बोटाच्या पेराएवढं आखूड, नाहीतर दुमडल्यावर आतलं पान चोळामोळा होतं. मग रापीनं कातडं तासायचं. मग कडेनं ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर आरीनं भोकं पाडायची. मग दोऱ्याला मेण लावून दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर, आणि दोन्ही हात एकदम ओढायचे. ऐकायला सोपं. पण दिवसभर खडी फोडलेल्या हातात सुई राहत नाही. सहादूच्या तळहातावरचे फोड फुटून त्यावर पुन्हा फोड आलेले. रापी धरली की बोटं आपोआप हातोडीसारखी मिटायची. आरी दोनदा अंगठ्यात गेली. तो 'हं' एवढंच म्हणायचा, आणि अंगठा कुंडीत बुडवायचा.

“राही, त्यांला म्हनावं, रापी आपल्याकडं न्हाई वढायची. फुडं लोटायची.”

“पाटील, फुडं लोटा.”

“राहीबाई, त्याला म्हनावं, लोटतोय.”

“लोटत्यात.”

“न्हाई लोटत म्हनावं. आवाज कळतोय मला.”

आठवडाभरात राहीबाईचा जीव मेटाकुटीला आला. एके दिवशी तिनं घागर उचलली. “मला काय दवंडीवाला केलाय का दोगांनी? मी चालले टँकरवर. बोला न्हाईतर मरा.”

ती गेली. सहादूनं उरलेल्या तुकड्यावर सरावाचा टाका ओढला. गहिनीनाथ माझ्याकडं वळला. “दोरा सैल धरलाय म्हनावं.”

मी कानाला हात लावला. “काय म्हनलास? वाऱ्यात ऐकू येईना.”

वारा कुठला? पिंपळाचं पान हलत नव्हतं. मला वाटलं, आता तरी थेट बोलेल. पण तो गहिनीनाथ होता. त्यानं दाव्याला बांधलेल्या शेळीकडं तोंड केलं. “शेळे, दोरा सैल धरलाय म्हनावं त्यांला.”

सहादूनं दोरा ताणला आणि शेळीला म्हणाला, “आता?”

“शेळे, आता बरा हाय.”

घरी येताना सहादू मला म्हणाला, “नऊ वर्सांत पयल्यांदा बरा म्हनला.” मी म्हणालो, “शेळीला.” तो चालत राहिला. त्याला चिडवून काही हाती लागत नसे. दमलेल्या माणसाला टोचलं तरी ते खूप आत जाऊन कळतं.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा दोन्ही पानं कापून, तासून, एकावर एक बसली होती. गहिनीनाथ राहीबाईला म्हणाला, “आता शिवून आना म्हनावं. ह्यात शिकवायचं काय राह्यलंय?” दोन सुया आणि मेणाचा गोळा त्यानं सहादूच्या पुढ्यात सरकवला, नुसत्या हातानं.

सहादू पाकीट खडीवर घेऊन आला. दुपारी भाकरी सोडायची वेळ झाली की लाल मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी दोन घासांत गिळायची आणि शिवायला बसायचं. बागायतदारांची रांगच्या रांग वाकून बघायची. सगळे आपापल्या विहिरीवर जन्म काढलेले. टाके सरळ होते, मानलं पाहिजे. पाकिटाच्या आखूड बाजू दोन्हीकडं त्यानं वरपासून खालपर्यंत घट्ट शिवून घेतल्या. वरच्या तोंडाला कड दुमडून बारीक वादी ओवली, फाटू नये म्हणून. मग खालच्या कडेलाही तशीच वादी ओवली. त्यात त्याचा दीड दिवस गेला.

“झ्याक,” एक जण म्हणाला. “दोनी तोंडं कशी नामी बांधलीस.”

“मोटंवानी दिसतंय अगदी,” दुसरा म्हणाला.

मुकादमानंही हातात घेऊन पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या रांगेतल्या तीस-चाळीस शहाण्या डोक्यांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. हे मी माझ्यासकट सांगतोय.

पाडव्याच्या दिवशी कामाला सुट्टी होती. उन्हं कलल्यावर सहादू धुतलेली बंडी घालून वेशीबाहेर गेला. राहीबाई दारात बोचकी बांधत होती. आळीतली चार-सहा माणसं बसलेली, आणि मी. सहादूनं पाकीट गहिनीनाथापुढं धरलं. गहिनीनाथानं बोटांनी एक बाजू चाचपली. मान हलली. दुसरी बाजू चाचपली. मान हलली. तेवढ्यात सहादूला अवदसा आठवली. पाकीट किती ऐसपैस आहे ते दाखवायला त्यानं ते उभं धरलं, कमरेच्या चंचीतून एक सुपारी काढली आणि वरून आत टाकली.

सुपारी खालून निघाली आणि कुंडीत पडली. डुबुक.

सहादू पाकिटाकडं बघत राहिला. वरून डोकावला, आरपार जमीन दिसली असणार. आम्हीही आत्ता पाहिलं. जन्मभर जी पिशवी हाताळली तिला दोन तोंडं होती. पिशवीला खालून बूड असतं हे हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. हसायला पाहिजे होतं, पण सगळे कुंडीतल्या वलयांकडं बघत बसले.

गहिनीनाथाचे खांदे आधी हलले.

“सहादू,” तो म्हणाला, “थारोळं कुटं बांधलंस?”

राहीबाईच्या हातातली बोचक्याची गाठ सुटली. आळीतल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. वेशीबाहेर, चारचौघांत, 'पाटील' नाही, नुसतं 'सहादू'. पाकिटाहून मोठी बातमी होती ती, आणि मी तिथंच बसलेलो. पण का कोण जाणे, उठून सांगायला जावंसं वाटेना.

सहादूला आनंद झाला असेल तर तो चेहऱ्यावर यायला वेळ लागला. तो आधी खालीच बसला, मांडी घालून, धुतलेली बंडी धुळीत.

“विहीरच न्हाई तर थारोळं कुटलं,” तो म्हणाला.

गहिनीनाथाचं हसू विरलं. त्यानं विचारलं, “इंजनाचा नारळ फोडला, तवा मला का बोलावलं न्हाईस?”

“आलो हुतो.”

“कवा?”

“सकाळी. त्या कोपऱ्यापत्तर. तू मोट शिवत हुतास, माजीच. दोरा दातात धरलेला. म्या बगितलं आन माघारी फिरलो.”

“हाक मारायचीस.”

“काय म्हनून मारू? आता शिवू नको, म्हनून?”

गहिनीनाथ पाकीट मांडीवर ठेवून बसला. “फटफट ऐकली तवा मोट निम्मी झाली हुती,” तो म्हणाला. “कळलं मला. म्हनलं, निम्मी कशी ठिवायची. चार दिस शिवली मग. तू येशील, असं वाटायचं.”

“न्हाई आलो.”

“न्हाई आलास.”

झालं. नऊ वर्षांचं भांडण एवढंसं निघालं. मला वाटलं होतं, दोघं एकदा बोलायला लागले की बांध फुटेल आणि मला पुढची दहा वर्षं पुरेल इतकं ऐकायला मिळेल. तसं काही नाही. दोघं दमलेले होते. गहिनीनाथानं सुई पुढं केली. त्याला दोरा ओवता येईना, तो सहादूनं ओवून दिला. मग त्यानं खालच्या कडेची वादी काढून टाकली आणि नुसत्या बोटांच्या अंदाजानं बुडाला तीन टाके घातले. तीनच. चौथ्याला सुई बोटात गेली.

“ऱ्हायलेलं तू शिव,” तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस सहादू काम सुटल्यावर तिथं जाऊन बसायचा. तो शिवायचा, गहिनीनाथ ऐकायचा. आता मधे राहीबाई नव्हती, शेळी नव्हती, पण बोलणं शेळीच्या वेळेपेक्षाही कमी. “दमलास?” “व्हय.” “पानी पी.” राहीबाईच्या तांब्यातलं पाणी तो प्यायचा, तोंड लावून. हे मी भागूबाईला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. घरचं तेवडं वाचलं.”

शनिवारी सकाळी कानिफनाथ आला. एसटी आठची. सहादूनं मुकादमाला तासाची सवड मागितली; मुकादम म्हणाला, उठलास तर हजेरी कापीन, आणि एक उठला तर सगळे उठतील. त्याचंही खोटं नव्हतं. सहादू बसून राहिला. मी म्हणालो, “मी जाऊन सांगतो की, सहादूला येता आलं न्हाई म्हनून.” तो म्हणाला, “तू नको जाऊ. तू गेलास तर भलतंच सांगशील.”

मग आम्ही खडी फोडत राहिलो. सडक आमच्या समोरूनच जात होती. नगरकडं जाणारी एसटी लांबूनच कळली, धुरळ्याच्या लोटावरून. सहादू हातोडी ठेवून उभा राहिला. आम्ही सगळे तसेच दिसत होतो. डोक्याला मळके पटके, अंगावर पांढरी धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. चांगल्या डोळ्याच्या माणसालाही त्यात सहादू सापडला नसता.

गाडी जवळ आली. खिडकीतून एक हात आणि अर्धं तोंड बाहेर आलेलं. रांगेच्या या टोकाला आली तेव्हाच गहिनीनाथानं हाक दिली, “सहादू...” कोणाकडं न बघता, सगळ्या रांगेला. गाडी पुढं सरकली, परत हाक, “सहादू...” तिसरी हाक आमच्या समोर आली.

सहादूनं ओ दिली. विहिरीवर, मोटेच्या नाड्याच्या, त्या जाड दोराच्या, करकरीवरून ऐकू जावी म्हणून द्यायचा तशी, पोटातून, लांब. गाडीतला हात वर झाला आणि धुरळ्यात गेला.

मुकादम आला. “कुनाचं पावनं हुतं रं?”

“माजी मोट शिवायचा,” सहादू म्हणाला आणि खाली बसला. बंडीच्या खिशात ते पाकीट होतं. खिशाचं माप घ्यायला दोघांनाही सुचलं नव्हतं, त्यामुळं ते बोटभर वर आलेलं. त्यानं ते तळहातानं खाली दाबलं, ते परत वर आलं. मग त्यानं नाद सोडला आणि पुढचा दगड ओढून घेतला.